वितीच्या आतले मासे

थोरल्या भावानं, होझियानं, बांधावर लाल फडकी बांधलेले खुंट आधीच ठोकून ठेवले होते. एझेलनं ट्रक घराकडे न वळवता थेट तळ्याकडे आणला होता, त्यामुळे आईच्या आधी त्याची गाठ त्या खुंटांशी पडली. सांडव्यापासून विलोच्या झाडांच्या जाळीपर्यंत दोन रांगा, आणि मधला भाग फोडायचा. सोमवारी पर्व्हिस खोदायचं यंत्र घेऊन येणार, बांध कापणार, आणि बाबांनी खणलेलं तळं संध्याकाळपर्यंत खालच्या ओढ्याला मिळणार. बहिणीनं, व्हर्डेलनं, फोनवर एवढंच सांगितलं होतं. तेवढ्यावर तो मेम्फिसहून निघाला होता.

बाबांना पुरलं त्या दिवसापासून त्यानं या जमिनीवर पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी स्वयंपाकघरात, चर्चमधल्या बायका भांडी लावत असताना, होझिया सगळ्यांदेखत म्हणाला होता, "बाबांच्या तळ्याचं वाटोळं तू केलंस, आणि त्यांनी मरेपर्यंत त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही." एझेलनं भरलं ताट तसंच ठेवलं आणि तो चालता झाला.

वाटोळं म्हणजे क्रॅपी. एकोणीस वर्षांचा असताना एझेलनं मोठ्या धरणाच्या पाण्यातून टबभर क्रॅपी आणून इथं सोडले होते. चंदेरी अंगावर काळे ठिपके, ओठ कागदासारखा पातळ, आणि चवीला असा की या टापूतला दुसरा मासा त्याच्यापुढे टिकत नाही. सुरुवातीची काही वर्षं ताटाबाहेर शेपूट जाईल असे मासे निघाले. पुढे ते आखूड होत गेले. तेव्हा बाबांनी नियम घातला: वितीच्या आतला मासा परत पाण्यात. वीत अर्थातच बाबांची. "वाढू दे त्याला," म्हणत ते मासा ओंजळीतून अलगद सोडायचे. टॅगर्टांच्या घरात पुढं कुणी तो नियम मोडला नाही, आणि मासाही काही वाढला नाही.

व्हर्डेल बांधावरून चालत आली. दोन भावांमधली ही बहीण, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकून घेण्यात तिचा जन्म गेला होता.

"उतरतोस, की ट्रकमध्ये बसूनच गळ टाकणार आहेस?"

"तू कुणाच्या बाजूची ते आधी सांग."

"मी जेवणाच्या बाजूची. मॉरीननं कोबीची कोशिंबीर केलीय, तिच्या बाजूची मात्र नाही."

एझेल हसला नाही. तेव्हा तिनं सरळ सांगून टाकलं. तिनं होझियाला होकार दिला होता. हिवाळ्यात आई एकटीच तळ्यावर आली, उतारावर पाय घसरला, आणि होझियाला सापडली तेव्हा कमरेपर्यंत चिखलात बसलेली होती. हाड मोडलं नाही हे नशीब. होझियानं तिला पाठुंगळी घरी आणलं, त्यानंतर त्याची स्वतःची पाठ आठवडाभर धरली होती. पाणी काढून टाकायचं, खळगा बुजवायचा, वर पाइनची झाडं लावायची, असं त्यानं ठरवलं ते त्यानंतर. मासे हे निमित्त होतं.

"मला कुणी सांगितलं नाही," एझेल म्हणाला.

"तू विचारलंस कुणाला? फोन करतोस तो आईला. आणि आई सांगेल का, मी चिखलात पडले म्हणून?"

एझेल खाली आला आणि ट्रकमधून गळाच्या काठ्या उतरवायला लागला.

तोवर घराकडून बाकीचे आले. पुढे होझिया, शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला तरी चालणं अजून प्रार्थनेच्या घंटेला उशीर झाल्यासारखं. त्याच्या दंडाला धरून आई, गावाची मिस लुव्हेनिया. मागे त्याची बायको मॉरीन बर्फाची पेटी सावरत, आणि मुलगी रेनिटा खुर्ची डोक्यावर घेऊन. रेनिटा सरकारी मत्स्यबीज केंद्रात कामाला होती. तिच्या कामाबद्दल घरात कुणी फारसं विचारत नसे. होझियाला तिनं डॉक्टर व्हायला हवं होतं.

आईनं एझेलच्या गालाला हात लावला, वाळलास म्हणाली, आणि खुर्ची पाण्याच्या अगदी जवळ लावायला सांगितली. होझियानं ती चार हात मागे लावली. आईनं उभ्या उभ्या खुर्चीकडे नुसतं पाहिलं. त्यानं ती मुकाट पुढं सरकवली.

एप्रिलचा शेवटचा शनिवार म्हणजे टॅगर्टांचा मासे तळायचा दिवस. डॉगवुडचा पांढरा बहर गळायला लागला की क्रॅपी अंडी घालायला उथळ पाण्यात येतात, आणि बाबांच्या काळी त्या दिवशी चर्चमधली निम्मी माणसं इथं जेवायला असत. अलीकडे मात्र तळ्याकाठी बसून दुकानातून आणलेला कॅटफिश तळावा लागत होता. मॉरीनच्या बर्फाच्या पेटीत तोच होता. ती पेटी पाहून एझेलला खुंट पाहून वाटलं त्याहून वाईट वाटलं.

"आज विकतचा मासा तळायचा नाही," तो होझियाला म्हणाला. भावाभावांमधलं वर्षभरातलं हे पहिलं वाक्य. "मी दुपारपर्यंत गळ टाकतो. एक जरी मासा वितीचा निघाला, तर पर्व्हिसला माघारी पाठवायचं."

"आणि नाही निघाला तर?"

"तर सोमवारी यंत्रावर मी बसतो. बांध मी फोडतो."

होझियानं क्षणभर विचार केला. मग कुणाची वीत धरायची, असं विचारलं. तो शाळेत भांडणं मिटवायचा तेव्हाही आधी नियम ठरवून घ्यायचा.

"एझेलची धरा," व्हर्डेल म्हणाली. "बाबांचा हात त्याला आलाय. तुझी धरली होझिया, तर गोगलगायसुद्धा भरेल."

आई हसली. पैज ठरली.

एझेल पत्र्याच्या होडीतून निघाला, आणि रेनिटा न विचारता पुढच्या टोकाला जाऊन बसली. जागा त्याला पाठ होत्या. नाताळ सरला की बाबा गावातली सणासाठी सजवून टाकून दिलेली सीडरची झाडं गोळा करायचे आणि बुंध्याला दगड बांधून तळ्यात बुडवायचे. त्या फांद्यांत क्रॅपी जमतात. कुठलं झाड कुठं, हे बाबांनी शेजाऱ्यांना कधी सांगितलं नाही, मुलांना मात्र काठावरच्या खुणा दाखवून शिकवलं. एझेलनं गळाला बारका जिवंत मासा टोचला, लांब काठीनं तो फांद्यांच्या कडेला सोडला, आणि दोरीला बांधलेलं बूच पाण्यावर उभं राहिलं.

ते लगेच बुडालं. त्यानं काठी हिसडा न देता उचलली, कारण जोर लावला की क्रॅपीचा ओठ फाटतो. हाताला वजन असं लागलंच नाही. मासा चार बोटांएवढा, पात्यासारखा चपटा. त्यानं तो परत पाण्यात सोडला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. पाण्यात गळ पोचायच्या आत कुणीतरी तोंड लावत होतं. एवढी भूक त्यानं कुठल्या तळ्यात पाहिली नव्हती. काठावरून व्हर्डेल आणि मॉरीनही गळ टाकत होत्या आणि त्यांनाही तेच मिळत होतं. मॉरीन शहरात वाढलेली. जिवंत मासा गळाला टोचताना ती त्याची माफी मागायची.

एझेलनं जागा बदलली. सांडव्याजवळचं झाड, विलोखालचं झाड, मधलं खोल पाणी. खोल पाण्यातही चार बोटंच. प्रत्येक मासा वर येताना तो मनात वितीचा अंदाज घ्यायचा आणि पाण्याबाहेर येईपर्यंत आशा धरायचा. ऊन वर चढलं. काठावर होझिया हात मागे बांधून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता. त्याचं एझेलला नवल वाटलं.

होडी काठाला लागली तेव्हा गळाला शेवटचा मासा होता. एझेलनं तो सोडवला आणि पाण्याकडे हात नेला.

"तो बादलीत टाक," आई म्हणाली.

"लहान आहे, आई."

"दिसतंय मला. चष्मा पाण्यात पडला नाही अजून. बादलीत टाक. आणि यापुढं निघतील तेही."

होझिया पुढं आला. बाबांचा नियम होता, तो म्हणाला. एझेलही तेच म्हणाला, जवळजवळ त्याच शब्दांत. दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून आईसमोर उभे होते. असं दृश्य टॅगर्टांच्या घरात फार वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

"नियम करणारा गेला," आई म्हणाली. "मी आहे."

एझेलनं मासा बादलीत टाकला. रेनिटानं तो पुन्हा उचलला, उन्हाकडे धरला आणि म्हणाली, "काका, याचा डोळा बघा."

डोळा मोठा होता. एवढ्याशा तोंडावर बटणासारखा.

"अंग वाढलं नाही तरी डोळा वाढत राहतो. हे पिल्लू नाही. याला वर्षं झालीत. खायला मिळत नाही म्हणून एवढाच राहिलाय." ती थोडी थांबली, कारण सगळे तिच्याकडे बघत होते आणि याची तिला सवय नव्हती. "एवढ्या लहान तळ्यात क्रॅपी सोडले की ते असेच होतात. अंडी भरमसाट, अन्न तेवढंच. तुम्ही वाढू दे म्हणून सोडत राहिलात तशी तोंडं वाढली, मासा नाही."

"ऐकलंस?" होझिया एझेलला म्हणाला. "मी काय सांगत होतो?"

"बाबा, माझं संपलं नाही," रेनिटा म्हणाली. "तळ्यात मोठे बास मासे असते तर त्यांनी ही पिल्लं खाल्ली असती. बासच राखण करतात. आधी इथं बास होते ना?"

मग व्हर्डेलनं मान वळवून होझियाकडे पाहिलं. मॉरीननंही पाहिलं. या तळ्यातले बास कुणी काढले हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. होझियाला दुसरा मासा गोडच लागत नसे. एवढा थोरला बास त्यानं पेंढा भरून घेतला होता, आणि तो मुख्याध्यापकाच्या खोलीत त्याच्या खुर्चीमागे निवृत्तीपर्यंत तोंड उघडून लटकत होता.

"त्या माशाखाली उभं करून तू पोरांना शिस्त शिकवायचास," व्हर्डेल म्हणाली.

"मला काय माहीत," होझिया म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "मला कुणी सांगितलं होतं?"

"तुझ्या बाबांना सांगितलं होतं," आई म्हणाली.

पेकानच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. आई तिथं जाऊन बसेपर्यंत पुढचं बोलली नाही. तिनं बादली मागितली, सुरी मागितली, आणि मासे साफ करता करता सांगितलं. मासे सोडून पाचेक वर्षं झाली असतील तेव्हा जिल्ह्याच्या शेती कचेरीतला माणूस आला होता. त्यानं तळं पाहिलं आणि ऑडिसला, म्हणजे बाबांना, म्हणाला, हे क्रॅपी इथले नव्हेत, सगळे काढून टाका, निघेल तो मासा खा, लहान असो की मोठा. ऑडिसनं मान डोलावली, माणसाला आभार मानून परत पाठवलं, हातात भोपळ्याचा एक केकही दिला. आणि घरात येऊन नियम घातला तो बरोबर उलटा.

"मी विचारलं, हे काय करता? तर म्हणाले, लुव्हेनिया, हे पोरगं शाळा सोडून गेलं, वर्षभर तोंड दाखवलं नाही. परत आलं ते हे मासे घेऊन. मी त्याच्यादेखत ते मारून टाकू? थोडा वेळ दिला तर वाढतील." आईनं माशाचं डोकं उडवलं. "ते माशांबद्दल बोलत नव्हते. मला तेव्हाच कळलं होतं. पण मासे बिचारे काय करणार, त्यांना तुझ्यासारखं मेम्फिसला जाऊन ट्रक चालवायची सोय नव्हती."

एझेल टेबलाच्या कडेला उभा होता. आयुष्यभर त्याची समजूत होती की बाबा गप्प बसले ते रागानं. तळ्यावर त्यांच्यासोबत बसताना तो ती शांतता मोजायचा आणि तिच्यात आपली चूक ऐकायचा. त्यानं आईच्या हातातून सुरी घेतली आणि पुढचा मासा स्वतः साफ करायला घेतला. होझियानं त्याच्याकडे पाहिलं, मग बाही वर केली आणि खवले काढायला समोर बसला. त्याला ते नीट जमत नव्हतं. खवले त्याच्या भिवईवर उडत होते.

"मी त्या दिवशी बोललो ते," होझिया खाली बघत म्हणाला, "ते स्वयंपाकघरात बोलायला नको होतं."

"बाहेर बोलायला हवं होतं का?"

"कुठंच नको होतं."

मॉरीननं दुकानातला कॅटफिश पेटीतून काढलाच नाही. लहान माशाचे तुकडे कसे करायचे, असं तिनं विचारलं, तेव्हा आईनं तिला उठून जागा दिली नाही, पण शेजारी बसवलं. तुकडे करायचे नाहीत. दोन्ही बाजूंनी बारीक बारीक चिरा द्यायच्या, मीठ, लाल तिखट आणि मक्याचं पीठ लावून अख्खा मासा कडकडीत तेलात सोडायचा. काटे तळून कुरकुरीत होतात, शेपटी तर पापडासारखी मोडते.

होझियानं जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. तो चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस, होता आणि गार होण्याजोगं अन्न समोर असलं की त्याला विशेष सुचायचं. आईनं मध्येच "आमेन" म्हणून तिचा शेवट केला. पहिला मासा तिनं शेपटीकडून तोंडात घातला आणि काट्यासकट खाल्ला. मग सगळ्यांनी खाल्ले. थोडा वेळ टेबलावर फक्त कुरकुर ऐकू येत होती.

"मिस लुव्हेनिया," मॉरीन म्हणाली, "एवढी वर्षं आपण हे पाण्यात परत टाकत होतो?"

एझेलनं बोटं पुसली. "पैज मी हरलो," तो म्हणाला. "वितीचा एकही निघाला नाही. क्रॅपी जायला हवेत. ते मी आणले, मी काढतो." मग तो रेनिटाकडे वळला. "तळं न बुजवता काढता येतील?"

येतील, ती म्हणाली. मात्र आता नाही. उन्हाळाभर जेवढे निघतील तेवढे काढून खायचे, एकही सोडायचा नाही. सप्टेंबरात पाणी उपसून तळ सुकू द्यायचा. हिवाळ्याच्या पावसात तळं आपोआप भरेल. मग आधी बासचं खाणं म्हणून बारके ब्रीम, आणि कॅटफिश सोडायचे, त्यांना वर्षभर वाढू दिलं की बास. बीज आमच्या केंद्रातून मिळेल. आणि पहिली दोन-तीन वर्षं बासला कुणी हात लावायचा नाही. हे शेवटचं ती वडिलांकडे बघून म्हणाली.

होझियानं ताट बाजूला सारलं. त्याचा प्रश्न मासे नव्हता, हे आता सगळ्यांना माहीत होतं. "त्या दिवशी मी तिला हाका मारत होतो," तो म्हणाला, "आणि ती ओ देत नव्हती. मला वाटलं पाण्यात गेली. ते मला पुन्हा नको. पाइन लावले की निदान तिला इथं यायला कारण राहणार नाही."

"ओ देत नव्हते कारण मला लाज वाटत होती," आई म्हणाली. "कारण राहणार नाही म्हणतोस. तुझे बाबा मला इथं भेटतात, पाइन लावलेस तरी मी येणारच."

"आणि ते पाइन तोडायला येईपर्यंत आपण सगळे मातीत असू," मॉरीन म्हणाली. होझियानं बायकोकडे पाहिलं. ती या बाबतीत कालपर्यंत त्याच्या बाजूची होती. तिनं शांतपणे आणखी एक मासा घेतला.

एझेलनं एकदम मोठं वचन दिलं नाही. दर शनिवारी येईन, एवढंच म्हणाला. आधी उतारावर पायऱ्या करीन आणि बाजूला धरायला लाकडी कठडा. मग पाण्यात थोडा आत जाणारा फळ्यांचा धक्का, त्यावर आईची खुर्ची, भोवतीनं कठडा असलेली. ते पुरं होईपर्यंत आईनं एकटीनं यायचं नाही. आई या शेवटच्या अटीवर वाद घालणार होती, पण व्हर्डेलनं तिच्या ताटात मासा वाढला आणि ती खायला लागली. दर शनिवारी म्हणजे खरोखर दर शनिवारी का, असं होझियानं विचारलं. एझेल म्हणाला, मोजत बस.

"कठड्याला पकड मजबूत हवी," होझिया थोड्या वेळानं म्हणाला. "तुझी खिळे ठोकायची पद्धत मला माहीत आहे."

"मग तू धर, मी ठोकतो."

एझेल उठून बांधावर गेला आणि त्यानं पर्व्हिसला फोन लावला. सोमवारी येऊ नका, तो म्हणाला. सप्टेंबरात बोलावू, आणि येताना बांध फोडायचं यंत्र नाही, पाणी उपसायचा पंप लागेल. पलीकडून पर्व्हिस कुरकुरला. त्यानं दुसरं काम पुढं ढकललं होतं, आणि कामाचं बोलणं होझियाशी झालं होतं. धाकट्याच्या सांगण्यावरून तो बेत बदलणार नव्हता. या घरात शेवटचा शब्द कुणाचा ते त्याला ठाऊक होतं.

होझिया मागून येऊन उभा राहिला होता. पर्व्हिसचा आवाज मोठा असल्यानं त्याला सगळं ऐकू आलं होतं. त्यानं हात पुढं केला, एझेलनं फोन दिला.

"पर्व्हिस, होझिया टॅगर्ट बोलतोय," तो म्हणाला. "तळ्याचं काम एझेल बघतो. इथून पुढं त्यालाच विचारत जा."

त्यानं फोन परत दिला. मग तो खाली वाकला आणि सांडव्याजवळचा पहिला खुंट उपटायला लागला. खुंट घट्ट ठोकलेला होता, एकट्याला निघेना. एझेलनं दुसरीकडून धरलं.